बॉडीवर घेतलेला दिवा

“आक्का, बाळूदादा येतो तेव्हा काही बोलतो का?”

प्रश्न माझा नव्हता. मिस्बा आणि धनश्री या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती. “स्टेजवर हात उडवून भाषण कुणीबी ठोकतंय. मगदूम आक्कांना हे विचारून दाखव, मग तुला मानलं!” मी तेव्हा आठवीत होते आणि नुकतीच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. तिथं मिळालेल्या ढालीनं माझं डोकं असं काही चढलं होतं की जगात मला विचारता येणार नाही असा प्रश्नच नाही, असं मला वाटायचं. विचारला. खणखणीत आवाजात. शेवटचं अक्षरसुद्धा खाल्लं नाही.

आणि मग कळलं, आपण कुणाला काय विचारलं ते.

आक्का अंगणातल्या कट्ट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा, बाळूदादा, तीन महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून येताना नदीच्या पुलावर ट्रकखाली सापडला होता. चोवीस वर्षांचा. आणि गावात सगळे म्हणायचे की तो रोज संध्याकाळी घरी येतो.

मी मागे बघितलं. माझ्या दोन्ही वाघिणी केव्हाच कोपऱ्यापलीकडे पसार झाल्या होत्या.

आक्कांनी हातातले दाणे सुपात टाकले. रागावल्या नाहीत. “बोलत न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “आधी तरी कुठं बोलायचा? दिवा लावतो तेवढा. तुला बघायचाय?”

माझ्या तोंडातून “हो” निघून गेलं. माझं तोंड तेव्हा असंच होतं, माझ्या आधी धावायचं.

“मग दिस मावळायच्या आत ये. त्याच्या जेवणाच्या टायमाला.”

मगदूम जैन. त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. मावळला की घास नाही. बाळूदादाला मात्र वेळेवर घरी येणं कधी जमलं नाही. त्याचं जरबेराच्या फुलांचं पॉलिहाऊस होतं, संध्याकाळी तो तिथल्या शेडमध्ये खोक्यांच्या गराड्यात असायचा. म्हणून आक्का ताट घेऊन तिकडेच जायच्या आणि तो पिकअपच्या मागच्या फाळक्यावर पाय सोडून जेवायचा. तो गेला, तरी आक्का ताट नेतच राहिल्या.

डिसेंबरची संध्याकाळ होती. पॉलिहाऊसमध्ये एक फूल नव्हतं, नुसते तपकिरी गड्डे. एका बाजूचं प्लास्टिक फाटलं होतं. वारा आला की ते आत जायचं, वारा थांबला की हळूच बाहेर यायचं. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. शेडमध्ये पांढरी डबल केबिनची पिकअप उभी होती. मागच्या हौद्यावर फायबरचं छत, म्हणजे टप, त्यामुळं हौद्यात विहिरीसारखा अंधार. दारांवर तीन महिन्यांची धूळ, आणि धुळीवर एका बोटाचाही ठसा नव्हता. हे मी मुद्दाम तपासलं, कारण कुणीतरी चेष्टा करत असणार अशी माझी खात्री होती.

आक्का ताट घेऊन पुढे, मी मागे. गाडी चार-पाच पावलांवर आली, तेवढ्यात तिच्यातून आवाज आला. टक्. बारीक, काचेवर नख मारल्यासारखा. आणि हौद्यात दोन्ही बाजूंनी पांढरेशुभ्र दिवे लागले.

शेडमध्ये आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं.

“आला,” आक्का म्हणाल्या. दूधवाला आला म्हणावं तसं.

त्यांनी ताट हौद्यात ठेवलं, “घे बाळा” म्हणाल्या, थोडं थांबल्या, आणि मग त्याच ताटातली भाकरी मोडून जेवायला लागल्या. मी खांबाला धरून उभी. दिव्यांच्या दोन पट्ट्या टपाच्या कडेनं लावलेल्या होत्या. मधोमध गाडीचा मूळचा, कंपनीचा छोटा दिवा होता, तो मात्र बंद. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा मला वाटलं नाही.

“रोज येतो?” मी विचारलं. माझा खणखणीत आवाज कुठं गेला होता देव जाणे.

“रोज. अष्टमी-चतुर्दशीला तेवढा येत न्हाई.”

“का?”

“पर्वाचा दिवस असतोय न्हवं. मीबी त्या दिवशी उपास करतो, पानसुद्धा खात न्हाई. त्याला म्हाईत हाय, आई आज जेवणार न्हाई.” जेवण झाल्यावर त्यांनी कमरेची चंची सोडली. चंची म्हणजे कापडाची कप्प्याकप्प्यांची पिशवी, पान-सुपारीची. पान लावलं, तोंडात घातलं आणि ताट धुवायला नळावर गेल्या.

मी एकटी राहिले. प्लास्टिक आत गेलं, बाहेर आलं. मी हौद्यात बघत होते. ताट ठेवलं होतं तिथं भाकरीचा एक तुकडा पडला होता. त्या तुकड्याकडे बघता बघता, टक्, दिवे गेले.

मी शाळेच्या स्पोर्ट्समध्येसुद्धा कधी तेवढी पळाले नाही.

पप्पांचं हायवेला ‘सुतार ऑटो इलेक्ट्रिक’ आहे. मी धापा टाकत सगळं सांगितलं, तेव्हा ते एका टेम्पोचा हॉर्न खोलून बसले होते. ऐकता ऐकता त्यांच्या हातातला पाना थांबला.

“त्या पट्ट्या मीच लावल्यात, राजा,” ते म्हणाले. माझं नाव राजनंदिनी. पप्पांच्या तोंडी राजा. “पहाटे फुलं भरताना कंपनीच्या दिव्यात पांढरं कुठलं, फिकं पिवळं कुठलं कळत न्हाई म्हणाला. मग कंपनीच्याच दिव्याच्या लाईनवर पट्ट्या दिल्या. एका बटणावर दोन्ही.”

“मग बटण दाबल्याशिवाय कशा लागतात?”

पप्पांनी पाना खाली ठेवला. “दुसऱ्या दिवशी बाळू हसत हसत आला हुता. म्हणाला, सुतारमामा, बटण दाबायचीबी गरज न्हाई, मी नुसता जवळ गेलो की लागतात. मला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू परत तिकडं जायचं न्हाईस.”

मम्मीनं त्या रात्री मीठ-मोहरीनं माझी दृष्ट काढली. मिस्बा आणि धनश्रीला मी काही सांगितलं नाही. पैज जिंकली होती, पण तोंडातून शब्द निघेना. माझ्या बाबतीत हे नवीनच होतं.

पंधरा-वीस दिवस गेले. एका शनिवारी दुपारी मी दुकानात बसले होते, तेव्हा आक्कांचे मालक, आण्णा, सायकल हातात धरून आले. सायकलवर बसायचंही त्यांच्यात त्राण नसावं.

“सुतार, दिवा लागंना झालाय,” ते म्हणाले.

गावातल्या भुताचा दिवा दुरुस्त करून द्या, असं सांगायला आजवर कुणी आलं नव्हतं.

“आज पाचवा दिवस,” आण्णा म्हणाले. “दिवा लागल्याशिवाय ही घास घेत न्हाई. आणि दिस मावळला की घ्यायचा प्रश्नच न्हाई. चार दिवस नुसती पाण्यावर हाय. डॉक्टर म्हणतात, अजून दोन दिवस असं गेलं तर मला सांगू नका.”

“मधी काय झालं का? कुणी हात लावला गाडीला?”

“कोण लावतंय! हिनंच नेम धरला. त्यानं अष्टमीलाबी यावं म्हणून पान सोडलं, कायमचं. वाटलं पुण्य लागंल. हे उलटंच झालं. तो यायचाच बंद झाला.”

पप्पांनी टेस्टर आणि पक्कड पिशवीत टाकली. मी त्यांच्या आधी गाडीवर मागे जाऊन बसले.

“तू कुठं?”

“तुम्ही टेस्टर धरणार. उजेडाला बॅटरी काय आण्णा धरणार?”

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकायला आला होता. आक्का शेडच्या खांबाला टेकून बसल्या होत्या, मांडीवर झाकलेलं ताट. त्या इतक्या लहान झाल्या होत्या की मला आधी वाटलं, खांबाशी कुणीतरी लुगड्याचं गाठोडं ठेवलंय.

“रुसलाय,” त्या मला म्हणाल्या. बस्स, तेवढंच.

पप्पा हौद्यात शिरले. मी बॅटरीचा झोत धरला. टेस्टरचा बल्ब एका वायरीवर, मग दुसरीवर. अंधार.

“करंटच न्हाई. गाडी पार झोपलीय,” पप्पा आतून म्हणाले. “आण्णा, किल्ली?”

“एक कपाटात हाय, तिचा सेल संपलाय. दुसरी त्याच्या खिशात हुती. ती पुलावरनं नदीत गेली.”

पप्पा पुटपुटत राहिले. काम अडलं की ते स्वतःशी मोठ्यानं बोलतात. दिव्याला दोन वायरी लागतात, एक करंट आणणारी, एक परत नेणारी. परतीसाठी आमच्या गॅरेजांमध्ये कुणी वेगळी वायर ओढत बसत नाही. गाडीच्या लोखंडालाच स्क्रूनं जोडून टाकतात. त्याला ‘बॉडीवर घेणं’ म्हणतात. मी लहानपणापासून तो शब्द ऐकत आलेली, त्यामुळं पप्पा आतून काय ओरडताहेत याकडे माझं लक्षच नव्हतं.

“बॉडीवर घेतलंय मी! बॉडी एकदम पक्की हाय. बॉडीत काय दोष न्हाई!”

आण्णांच्या हातातला तांब्या कलंडला.

“दवाखान्यातबी असंच म्हणत हुते,” आक्का म्हणाल्या. डोळे मिटलेले, आवाज अगदी साधा. “दहा वाजता विचारत हुते, बाळूचे वडील कोण? अकरा वाजता म्हणाले, बॉडी कवा नेताय?”

पॉलिहाऊसचं प्लास्टिक आत गेलं. बराच वेळ बाहेर आलं नाही.

“लोखंडाला जोडलंय, आक्का,” पप्पा टपाच्या आतून हळू आवाजात म्हणाले. “लोखंडाला. तसं म्हणायचं हुतं मला.”

आक्कांची मान एका बाजूला झुकली. आण्णांनी धावत जाऊन खांदे धरले. “चक्कर आली. पोरी, पळ! घरात खुंटीला तिची चंची हाय, त्यात बामची डबी हाय. घेऊन ये!”

मी पळाले. घरात दिवा नव्हता. खुंटीवरची चंची काढली; पानाचा, काताचा जुना वास आला. अंगण ओलांडलं, पॉलिहाऊसच्या कडेनं शेडकडे आले. सूर्याची बोटभर कड उरली होती. गाडी चार-पाच पावलांवर आली.

टक्.

दोन्ही पट्ट्या एकदम पेटल्या. हौद्यात वाकलेल्या पप्पांच्या तोंडावर दोन्हीकडून प्रकाश पडला, हातातला टेस्टरसुद्धा लागला, आणि ते असे दचकले की टपाला डोकं आपटलं. खरं सांगते, मी मागे वळून बघितलं. माझ्यामागून कोण आलं ते बघायला. मागे नुसती पायवाट होती.

आक्कांनी डोळे उघडले. आधी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आला,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासंगं आला गं.”

मग त्या आण्णांकडे वळल्या.

“अहो, ताट द्या. दिस चाललाय.”

आण्णांनी स्वतःच्या हातानं घास मोडला. त्या जेवायला लागल्या. भाकरी, दोडक्याची भाजी, घाईघाईनं, सूर्याकडे बघत. आण्णा तोंड फिरवून रडत होते. पप्पांनी मला खुणेनं हौद्याजवळ बोलावलं.

“राजा, बघ. कंपनीचा दिवा बंद, आपल्या पट्ट्या चालू,” ते कुजबुजले. “ह्या गाडीत बटण परतीच्या वायरीवर हाय. करंट नुसता येऊन थांबतोय, बटण दाबलं की परतीची वाट उघडती. आणि मी शहाण्यानं पट्ट्यांना वाट दिली बॉडीची. बटणाचा संबंधच उरला न्हाई. गाडीला जाग आली, करंट आला, की ह्या लागणार. पडली झोपून, की जाणार.”

“म्हणजे भूत नाही.”

“वायरीत न्हाई.” पप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. “पण गाडीला जागं कोण करतंय?”

मी बाम काढायला म्हणून चंचीची दोरी सोडली. एका कप्प्यात सुपारी, एकात चुन्याची डबी, एकात लवंगा आणि बाम. शेवटच्या कप्प्यात काहीतरी जड. काळं, गुळगुळीत, साबणाच्या झिजलेल्या वडीएवढं. वर दोन बटणं. एका बटणावर बारीक कुलपाचं चित्र.

“ती ऱ्हाऊ दे आत,” आक्का घास गिळत म्हणाल्या. “त्याची डबी हाय. दवाखान्यातनं घड्याळाबरोबर पुडीत बांधून दिली. कसली काय, मला म्हाईत न्हाई. त्याच्या खिशातली, म्हणून अंगावेगळी करत न्हवतो. आता पान सोडलं, मग चंचीबी खुंटीलाच ऱ्हातीय.”

मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की मला सगळं कळलं होतं आणि माझं तोंड बंद होतं. मी दोरी बांधली आणि चंची त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डावा हात तिच्यावर ठेवला आणि उजव्या हातानं जेवत राहिल्या.

घरी आल्यावर मी सांगितलं. मम्मी चुलीपुढे भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. पप्पा भिंतीला टेकून खाली बसले.

“नदीत गेलीच न्हाई म्हणायची,” ते म्हणाले. “किल्ली. त्या गाडीची किल्ली किल्लीसारखी दिसतच न्हाई. ती अंगावर घेऊन माणूस चार-पाच पावलांवर आला, की गाडी आपोआप जागी होती.”

“बिचारी! रोज पोराला कमरेला बांधून नेत होती, आणि म्हणत होती आला,” मम्मी म्हणाली.

“कुणाला बोलायचं न्हाई,” पप्पा म्हणाले. “आज जेवली का न्हाई बाई? उद्या मी आण्णांना सांगतो, चंची कमरेला बांधायला लावा. झालं.”

“आणि किल्लीचा सेल संपला की?” मम्मीनं विचारलं. “कपाटातल्या किल्लीचा संपलाच की.”

पप्पा एकदम सरळ बसले. बिघाड सापडला की त्यांचे डोळे असेच चमकतात. “टायमर लावतो! पाच मिनिटांचं काम. थेट बॅटरीवरनं लाईन देतो. रोज साडेपाचला लागंल, सहाला जाईल. किल्लीची भानगडच न्हाई. अष्टमीलाबी लागंल!”

मम्मीनं मान हलवली. “तिला कळलं तर ती अन्नच सोडेल. टायमरच बरा.”

मला ती शेड दिसली. धूळ खात उभी असलेली गाडी, फाटकं प्लास्टिक, आणि साडेपाच वाजले की कुणीही जवळ नसताना लागणारे दिवे. यंदा, पुढच्या वर्षी, आणखी दहा वर्षांनी. आक्का ताट घेऊन पायवाटेनं येताहेत. आण्णा नाहीत. “घे बाळा,” त्या म्हणताहेत, आणि गाडीत टायमरची एक डबी मिनिटं मोजतेय. त्या पहिल्या संध्याकाळी मी पळत सुटले होते, तेव्हासुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती.

“नाही,” मी म्हणाले.

“काय न्हाई?”

मी उभी राहिले. स्पर्धेत उभी राहते तशी नव्हे. हात कुठं ठेवावेत तेच कळत नव्हतं, आणि आवाज फाटत होता.

“टायमर लावायचा नाही, पप्पा. उद्या दुपारी मी आक्कांकडे जाणार आहे. ती डबी कसली आहे ते मी त्यांना सांगणार. त्यांच्याच हातानं तिचं बटण दाबायला लावणार. तुम्ही यायचं, आणि वायर कुठं चुकली ते तुमच्या तोंडानं सांगायचं. त्यांना रडायचं असेल तर रडू देत, मला मारायचं असेल तर मारू देत. आणि मम्मी, उद्यापासून संध्याकाळी माझी भाकरी टाकू नकोस. मी दिवस मावळायच्या आत तिकडे जेवणार, आक्कांच्या ताटात. रोज. आणि त्या जेवल्या नाहीत, तर मीही जेवणार नाही.”